सव्वीस भागिले तीस

आमच्या ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. हे नाव मी ठेवलं, आणि ठेवताना काही चांगल्या मनाने ठेवलं नव्हतं. ती चिडेल अशी माझी अपेक्षा होती. ती चिडली नाही. दोन दिवसांनी चहा पिताना तिने मला शिक्केवाली म्हटलं, कारण विद्यापीठाचं सगळं टपाल माझ्या टेबलावरून जायचं आणि दिवसभर माझे आवक-जावकचे शिक्के चालू असायचे. तिथे आमची फिटंफाट झाली. एकोणीस वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी होती. दोघींत मिळून एक पंखा, आणि तो तिच्याकडेच जास्त वळायचा. त्यावरून आमचं वर्षातून दोनदा तरी वाजायचं.

खोली ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, जुन्या नियतकालिकांच्या कपाटांमागे. दारावर ‘संशोधन मूल्यमापन कक्ष’ अशी लांबलचक पाटी होती. वर वर्गात पोरांना धारेवर धरणारे प्राध्यापक त्या पाटीखालून आत आले की एकदम मऊ व्हायचे. “मॅडम, आमचं जरा बघता का?” मॅडम म्हणजे मी नाही, ती. कोणी किती पेपर लिहिले, ते कुठे छापून आले आणि पुढे जगातल्या किती जणांनी आपल्या पेपरात त्यांचा उल्लेख केला, हे मोजायचं काम तिचं. त्या उल्लेखाला सायटेशन म्हणतात. बढती, मुदतवाढ, प्रयोगशाळेला जास्तीची खोली, सगळं शेवटी त्या मोजणीवर येऊन थांबायचं.

यात मोजायचं काय, कॉम्प्युटर मोजतो की, असं मला सुरुवातीला वाटे. तो मोजतो, पण डोळे मिटून मोजतो. एकदा त्याने एका दंतवैद्याचे चाळीस पेपर आमच्या राज्यशास्त्राच्या मास्तरांच्या नावावर चढवले, कारण दोघांचं आडनाव आणि आद्याक्षरं एकच होती. मास्तरही महिनाभर काही बोलले नाहीत. दुसरे एक गृहस्थ साठ सायटेशन घेऊन ऐटीत आले. मोजणीबाईने त्यातली एक्केचाळीस त्यांची त्यांनीच दिलेली आणि नऊ त्यांच्या बायकोने दिलेली काढून बाजूला ठेवली. “घरचे सोडून कोणी आहे का?” एवढंच तिने विचारलं, तेही कागदावरून मान वर न करता. भौतिकशास्त्राचे एक जण आठशे लेखकांच्या पेपरात सहाशे बारावे होते. त्यांच्या वाट्याला किती धरायचं यावर ती दोन दिवस डोकं धरून बसली होती.

सगळ्यात किचकट भाग म्हणजे वेगवेगळ्या विषयांच्या लोकांना एका रांगेत उभं करणं. औषधांवर काम करणाऱ्याला चाळीस सायटेशन मिळाली तर त्याचं त्याला काही वाटत नाही. इतिहासवाल्याला चार मिळाली तर तो आठवडाभर सांगत फिरतो. मग चाळीसवाला मोठा आणि चारवाला लहान असं म्हणायचं का? म्हणून भागाकार करायचा. पेपर ज्या विषयातला, त्या विषयातल्या पेपरांना जगभरात सरासरी किती सायटेशन मिळतात ते बघायचं आणि माणसाच्या आकड्याला त्याने भागायचं. उत्तर एकाच्या वर आलं तर माणूस सरासरीच्या वर, खाली आलं तर खाली. मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

पण पेपर कोणत्या विषयातला हे ठरवायचं कोणी? कॉम्प्युटर जर्नलचं नाव बघतो आणि विषय चिकटवून मोकळा होतो. शेतीच्या जर्नलात आला की शेती, मग आत कविता का असेना. मोजणीबाईचं त्यावर समाधान व्हायचं नाही. ती प्रत्येक पेपर स्वतः उघडायची. निदान पहिलं पान आणि शेवटची संदर्भांची यादी वाचायची. विषय चुकीचा लागलाय असं दिसलं की तक्त्याला पिवळी चिठ्ठी जोडायची, तिच्यावर दोन ओळींत कारण लिहायची आणि खाली सही करायची. शेजारी पडताळणीची दुसरी सही माझी. तिच्या खात्रीवर मी इतकी निर्धास्त असायचे की सही करताना माझं लक्ष बहुतेक वेळा पंख्याकडे असायचं.

तिला कोणाची भीड नव्हती. आमच्याच कक्षात पूर्वी एक जण होता, त्याने जावयाचे आकडे फुगवले आणि नोकरी घालवून बसला. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ती आली होती. पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला तो किस्सा सांगितला, आणि तिने तो असा काही मनावर घेतला की पुढे नातलग, ओळखीचे, शेजारी यांचं नाव जरी निघालं तरी ती खुर्चीत ताठ व्हायची. मी तिला म्हणायचे, “अगं, एवढं सोवळं कशाला?” ती म्हणायची, “तुझं काय जातंय बोलायला.”

घरचं तिचं असं. वडील ती सात वर्षांची असताना गेले. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याने कॉलेज करता करता चार घरी शिकवण्या घेतल्या, आईला सांभाळलं आणि हिला ग्रंथालयाचं शिक्षण दिलं. तिचं लग्नही त्यानेच लावून दिलं. चार वर्षांनी ते मोडलं तेव्हा कोणाला काही न विचारता जाऊन तिचं सामान उचलून आणणाराही तोच. तो राहायचा त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर तिने घर घेतलं. तो तिसऱ्यावर. आई गेली ती हिच्याकडे, पण औषधांची पिशवी रोज खाली यायची ती दादाच्या हातात.

हा दादा आमच्याच विद्यापीठात गणित विभागात होता. उंच, खांदे जरा वाकलेले, खिशात नेहमी खडू. दुपारी डब्याच्या वेळी तो आमच्या खोलीत यायचा, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकायचा आणि मला विचारायचा, “काय शिक्केवाल्या बाई, आज किती जणांना आत घेतलंत?” त्याचं काम एका विचित्र गोष्टीवर होतं. गुडघ्याच्या सांध्यात हाडांमधे जो चिकट द्रव असतो, त्याचा थर चालताना किती पातळ होतो आणि कधी तुटतो, याचं गणित. सबंध जगात या गणितावर चारपाच माणसं असतील. गणिताच्या जर्नलांनी त्याचा मुख्य पेपर दोनदा परत पाठवला, म्हणाले, यात हाडं फार. शेवटी हाडांच्या डॉक्टरांच्या एका जर्नलाने तो घेतला. छापून आल्यावर पहिली प्रत त्याने आमच्या खोलीत आणून तिच्या हातात ठेवली. म्हणाला, “घे, धाकटे. तू तर सगळ्यांचे वाचतेस.” तिने प्रत पर्समध्ये ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते बघून मला उगाच आपल्यालाच कोणीतरी काही दिल्यासारखं वाटलं होतं.

पुढे नवा नियम आला. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांना पाच वर्षं मुदतवाढ मिळणार, पण ज्याने त्याने आपला एकच सर्वोत्तम पेपर निवडून द्यायचा आणि त्याचा भागाकार एकाच्या वर आला पाहिजे. एकाच्या खाली आला तर ठरल्या तारखेला घरी. दादाला साठ पूर्ण व्हायला आठ महिने होते. त्याचं गणित अर्धवट होतं. थर कधी तुटतो ते त्याने काढलं होतं, तुटलेला थर पुन्हा कसा जुळतो ते राहिलं होतं. “पाच वर्षं मिळाली तर होईल,” तो डबा खाताना म्हणाला, “नाही मिळाली तर विभागातली माझी खोली, तिची चावी, तो फळा, सगळं जाईल. घरी बसून हे होत नाही, मी करून बघितलंय.” त्याने अर्जात अर्थातच तो डॉक्टरांच्या जर्नलातला पेपर दिला. मोजणीबाईने साहेबांना लिहून दिलं की या अर्जाची मोजणी दुसऱ्या कोणाकडे द्या. साहेब हसले. “तुमच्याशिवाय हे येतं कोणाला? आणि तुमच्यावर कोण संशय घेणार?”

त्या वर्षी अठ्ठावीस अर्ज होते. त्यातल्या अकरा तक्त्यांना तिने पिवळी चिठ्ठी लावली. एका भाषाशास्त्राच्या बाईंचा पेपर कॉम्प्युटरने संगणकशास्त्रात टाकला होता, तो तिने वाचून परत आणला. एका मृदाशास्त्रवाल्याचा असाच. दादाचा तक्ता सत्ताविसावा होता. सायटेशन सव्वीस. कॉम्प्युटरने जर्नलावरून विषय लावला वैद्यक. वैद्यकाची सरासरी तीस. सव्वीस भागिले तीस, पॉइंट सत्त्याऐंशी. तिने तक्ता पूर्ण केला, सही केली आणि माझ्याकडे सरकवला. मी सही केली. आकडा मला दिसला. मी मनात म्हटलं, अरेरे. त्यापुढे मी काही म्हटलं नाही, कारण तिने मोजलं होतं.

यादी सूचनाफलकावर लागली तेव्हा दादाचं नाव खालच्या भागात होतं. दुपारी तो नेहमीसारखा आला, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला, पण मला काही विचारलं नाही. तिने डबा उघडला, त्याने त्याचा उघडला. दोघं जेवली. मला वाटलं होतं दोघांत काहीतरी बोलणं होईल. तो म्हणाला, “वहिनीने विचारलंय, रविवारी पडदे उतरवायला येशील का.” ती हो म्हणाली. तो गेला. त्यानंतर तो डब्याच्या वेळी आला नाही, विभागात काम आहे असं कळवायचा.

ती कामं करत होती. आठवडाभर मी तिच्याकडे बघत होते. रडणं नाही, चिडणं नाही. चहा समोर गार व्हायचा आणि ती तो गारच प्यायची. पंखा तिच्या बाजूला अडकला तर उठून तो माझ्याकडे वळवायची, जे तिने एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं. मला त्याची भीती वाटली.

दहाव्या दिवशी मी तक्ते फाइलला लावत होते. चिठ्ठ्या सुटू नयेत म्हणून प्रत्येक तक्ता उलटून बघत होते. सत्ताविसाव्याला चिठ्ठी नव्हती. नसणारच, सगळ्यांना नसते. पण माझा हात थांबला. गणित विभागातला माणूस, आणि विषय वैद्यक. मी तिच्याकडे वळले.

“दादाच्या पेपरला चिठ्ठी का नाही?”

“लागली नाही.”

“पहिल्या पानावर काय होतं?”

ती पेन्सिलीला टोक करत होती. टोक झालं होतं तरी करत होती. “मी तो उघडला नाही,” ती म्हणाली.

मला आधी वाटलं मी नीट ऐकलं नाही. ज्या बाईने परक्या अठ्ठावीस माणसांसाठी, नाही, सत्तावीस माणसांसाठी पान न् पान चाळलं, तिने सख्ख्या भावाचा पेपर उघडला नाही. मी का म्हणून विचारलं. ती म्हणाली, “उघडला असता तर मला वाटलं असतं की तो गणितातला आहे. मग मी चिठ्ठी लावली असती. मग कोणीतरी म्हणालं असतं, भावासाठी लावली. म्हणून म्हटलं, याला हातच लावायचा नाही. कॉम्प्युटर देईल ते घ्यायचं. म्हणजे माझा त्यात काही संबंध नाही.”

“आणि बाकीच्या अकरांत संबंध होता?”

मला तिचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही, कारण तक्त्यावर तिच्या सहीशेजारी माझी सही होती, आणि ती मी पंख्याकडे बघत केली होती. पडताळणी म्हणजे काय असतं मग? मी काय पडताळलं? गणिताची सरासरी चार. सव्वीस भागिले चार, साडेसहा. अठ्ठावीस जणांत पहिला आला असता तो. हे मी कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने केलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने ते बघितलं. “मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मी त्याच दिवशी मनात केलं होतं.”

यादी लागल्यावर विषय बदलायचा तर चिठ्ठी चालत नाही. चौदा दिवसांच्या आत एक अर्ज लागतो, मोजणाऱ्याने आणि पडताळणाऱ्याने चूक कबूल करायची, आणि संशोधकाने स्वतः सही करायची. मी अर्ज काढला. तिने भरला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘लेखक गणित विभागातील असून विषय चुकीने वैद्यक धरला गेला.’ दोघींनी सह्या केल्या. तेव्हाही तो पेपर एकदा उघडून बघावा, असं आम्हा दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. हे मी आज लिहितेय तेव्हा मला खरं वाटत नाही, पण तसंच झालं.

तेराव्या दिवशी ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती एकदाही थांबली नाही, मी दोनदा थांबले. वहिनीने दार उघडलं, पाणी दिलं. पडदे धुऊन पुन्हा लावलेले होते. दादा जेवणाच्या टेबलाशी बसून विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होता.

“दादा, यावर सही कर.”

त्याने चष्मा लावला, अर्ज सगळा वाचला. “विषयबदल.”

“हो. मी वैद्यक धरलं, ते चुकलं. तीसने भागलं, चारने भागायला हवं होतं.”

“साडेसहा,” तो लगेच म्हणाला.

“साडेसहा.”

त्याने अर्ज खाली ठेवला आणि तो हाताने सरळ केला. “मलाही पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं. तक्त्याची प्रत आली, विषय बघितला, म्हटलं, हे चुकलंय, उद्या जाऊन भांडतो. मग म्हटलं, मोजलंय कोणी? दुसऱ्या कोणी मोजलं असतं तर मी खरंच भांडलो असतो. पण तू मोजलंस. मग मी बसून विचार केला, हिला यात काय दिसलं असेल. आणि पटलं मला. मी हे लिहिलं कोणासाठी? गुडघा धरून जिना चढणाऱ्या माणसांसाठी. गणितवाल्यांसाठी नाहीच. डॉक्टरांपुढे ठेवलं, त्यांनी बघितलं, त्यांना फारसं कामाला आलं नाही. म्हणजे जिथे ठेवायचं तिथेच तू ठेवलंस. वीस वर्षं माझ्या लक्षात आलं नाही ते तुझ्या आलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण निदान कोणीतरी पूर्ण वाचून सांगितलं.”

“दादा, सही कर ना.”

“आता मुदतवाढ गेली म्हणून तू बदलायला निघालीस. ते नको, धाकटे. आजवर तू असलं कोणासाठी केलं नाहीस. माझ्यासाठी तर नकोच नको.”

मी मधे बोलायला गेले. “अहो, चूक आमचीच आहे, माझी सही आहे त्यावर.” तो माझ्याकडे बघून हसला, समजूतदार हसला. “तुम्ही तिच्या मैत्रीण आहात,” तो म्हणाला. “तुम्ही असंच म्हणणार.”

आता तिला एक सोपा मार्ग होता. वाचला पण समजायला चूक झाली, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. त्याने सही केली असती आणि आम्ही जिना उतरून आलो असतो. मी मनातल्या मनात तिला ते वाक्य सांगत होते. पण खोटं बोलायचं तिला वेळेवर सुचतच नाही.

“मी तो वाचला नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“उघडला नाही. तुझा होता म्हणून. जे आपोआप आलं तेच ठेवलं.”

आत वहिनीने नळ बंद केला. दादाने चष्मा काढला आणि वहीवर ठेवला. मग अगदी साध्या आवाजात, वर्गात हजेरी घेताना विचारावं तसं, त्याने विचारलं, “आणि मी प्रत दिली होती ती? चार वर्षांपूर्वी?”

“कपाटात आहे.”

“तीही नाही उघडली?”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला. त्याने पेन उचललं आणि सही केली. नेहमीची सही, खाली तारीख. अर्ज तिच्याकडे न देता त्याने माझ्याकडे दिला. मग लिफ्टवाला चार दिवस झाले येतो येतो म्हणतोय आणि येत नाही, हे त्याने मला सांगितलं. वहिनीने चहा आणला. तो आम्ही चौघांनी प्यायला. कोणी कोणाशी वाईट वागलं नाही. खाली उतरताना पहिल्या मजल्यावर ती तिच्या दारात थांबली, कुलूप काढलं आणि मला ‘ये’ किंवा ‘जा’ असं काहीही न म्हणता आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी अर्जावर शिक्का मारला, चौदाव्या दिवशी, दुपारी बाराच्या आत. त्याच दुपारी तिने घरून आणलेली ती प्रत टेबलावर काढली. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. डबा न उघडता ती वाचत बसली. चार दिवस डब्याच्या वेळेत तिने ते एकोणीस पानांचं बाड वाचलं. बोट ठेवून, ओळ न् ओळ. समीकरणांवरूनसुद्धा बोट फिरवायची.

“समजलं काही?” मी शेवटच्या दिवशी विचारलं.

तिने पहिलं पान उघडून माझ्याकडे सरकवलं. पहिलंच वाक्य असं होतं की या निबंधात एकही रुग्ण नाही, एक समीकरण आहे आणि त्याची सिद्धता आहे. “मला एवढंच समजलं,” ती म्हणाली. “एवढं पुरलं असतं.”

मुदतवाढीच्या समितीला यादी सुधारायला तीन आठवडे लागले. आम्हा दोघींच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाची नोंद झाली. साहेब आम्हाला समोर उभं करून जे बोलायचं ते बोलले, आणि शेवटी तिला म्हणाले, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” ती म्हणाली, “माझीही नव्हती.” नवी यादी लागली. पहिलं नाव दादाचं, साडेसहा. गणित विभागातली माणसं येऊन फलकासमोर उभी राहिली. एकाने यादीचा मोबाइलवर फोटो काढला. मी वर जाऊन दोनदा बघून आले. मला आनंद व्हायला हवा होता. मी थांबून वाट बघितली, पण तो काही झाला नाही.

तिसऱ्या दिवशीच्या टपालात गणित विभागाचं पाकीट होतं. मी फोडलं, वाचलं, शिक्का मारला, आवक नोंदवहीत क्रमांक घातला. मग ते घेऊन मी तिच्या टेबलापाशी गेले, म्हणजे एक पाऊल. पत्र तीन ओळींचं होतं. देऊ केलेली मुदतवाढ आपल्याला नको आहे, ठरल्या तारखेला आपण निवृत्त होऊ, खोलीची चावी त्या दिवशी कार्यालयात जमा करू. खाली तीच सही.

तिने ते वाचलं. “कारण लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

“मग जाऊन सांग त्याला,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “सांग की वाचलास. सगळा वाचलास, चार दिवस उपाशी बसून वाचलास. मी येते, मी साक्ष देते. त्याला त्याचंच लागलंय, दुसरं काही नाही. आणि त्याचं ते तुटलेल्या थराचं राहिलंय ना अजून?”

“सांगितलं मी. रविवारी.”

“मग?”

“त्याने विचारलं, सही घ्यायला आलीस त्याच्या आधी वाचलास, की नंतर?”

पंखा माझ्या बाजूला होता, पत्राचा कोपरा फडफडत होता, तो तिने तळव्याने दाबून धरला होता.

“तू काय म्हणालीस?”

“नंतर,” ती म्हणाली, आणि पत्र माझ्याकडे परत दिलं.